हौसा निवटीची तोंडभर हवा

एक जंगल होतं, आणि ते चिखलात उभं होतं. वाघ-सिंहांचं नव्हे हो. वाघ तिथे आला असता तर पोटापर्यंत रुतून बसला असता, आणि मग त्याच्या आईला कोण कळवणार? हे होतं कांदळवन. खाडीच्या काठचं, खाऱ्या पाण्यातलं.

बाळांनो, तिथल्या झाडांना नाकं होती. थट्टा नाही करत. चिखलात हवा कमी असते हे झाडांना उपजतच ठाऊक. म्हणून ती आपली मुळं खालून वर काढायची, टोकदार, पेन्सिली रोवल्यासारखी, आणि त्यांतून श्वास घ्यायची. तिथल्या राजाला हे समजायला फार वेळ लागला. खरं सांगायचं तर समजलंच नाही.

दिवसातून दोनदा भरती यायची आणि दोनदा ओहोटी लागायची. भरती समुद्राकडून ताजं पाणी आणायची. त्यात हवा असायची. ओहोटी जाताना कुजका पाला घेऊन जायची. घरात सकाळ-संध्याकाळ केर काढतात ना, तसंच.

त्या चिखलात जंतू राहायचे. दिसायचे नाहीत, पण मोजायला बसलं तर अख्ख्या राज्यात तेच जास्त. त्यांची दोन घराणी. वरच्या तांबूस चिखलात तांबडे. त्यांना हवा लागायची. हवा मिळाली की पडलेलं पान, मेलेली कोळंबी, जे असेल ते चाटूनपुसून संपवायचे. खालच्या काळ्या चिखलात काळे. त्यांना हवा सोसतच नसे. ते आपले सावकाश चघळायचे, अर्धं खायचे, अर्धं टाकायचे, आणि त्यांनी श्वास सोडला की सडक्या अंड्याचा वास यायचा.

काळे वाईट होते का? नाही बरं. खाली होते तोवर तेही आपलं काम करत होते. वरून चिंबोऱ्या, म्हणजे मोठाले खेकडे, बिळं काढायच्या. त्या बिळांतून हवा खाली उतरायची. हवा आली की काळे मागे सरायचे आणि तांबडे पुढे यायचे. एवढी साधी व्यवस्था होती. ती कुणी केली नव्हती, म्हणून तिचं उद्घाटन राहून गेलं होतं.

आता हौसाची गोष्ट.

हौसा ही निवटी. निवटी म्हणजे चिखलावर चालणारा मासा. कल्ल्यांजवळच्या परांवर रेटा देत सरकते, डोळे डोक्यावर, आणि बघावं तेव्हा घाबरल्यासारखी दिसते. हौसा तर खरोखरच घाबरलेली असायची. तिची पहिलीच वेळ होती. तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, भिवानं, एका झाडाच्या मुळाआड खोल बीळ काढलं होतं. बिळाच्या तळाशी एक खोली, आणि खोलीच्या छताला चिकटवलेली अंडी. बारीक, मोत्यासारखी.

पण खाली चिखलात हवा कुठली? अंड्यांनी श्वास कसा घ्यायचा? म्हणून निवट्यांची जुनी रीत आहे. आईबापांनी वर यायचं, तोंडभर हवा घ्यायची, गाल फुगवायचे, तोंड घट्ट मिटायचं, खाली जायचं आणि हवा खोलीत सोडायची. परत वर. परत खाली. एकदा भिवा, एकदा हौसा.

भिवा शांतपणे ये-जा करायचा. हौसाला शांतपणा कुठला? ती वर आली की वाटायचं खाली काहीतरी झालं. खाली गेली की वाटायचं हवा कमी पडली. भिवा म्हणायचा, अगं, सगळ्यांची पोरं अशीच होतात. ती म्हणायची, सगळ्यांची होतात, आपली व्हायची आहेत.

आणि एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा. गोष्टीचा सगळा खेळ तिच्यावर आहे. अंडी तयार झाली की अमावास्येच्या उधाणाची वाट बघायची. उधाण भर दुपारी येतं आणि पार काठापर्यंत चढतं. त्या वेळी खोलीतली हवा तोंडानं भरून बाहेर आणून टाकायची, म्हणजे ताजं पाणी आत शिरतं. ताज्या पाण्याचा स्पर्श झाला की अंडी फुटतात आणि पिल्लं पाण्याबरोबर निघतात. पाणी ताजंच हवं. शिळं चालत नाही.

तर आता राजाकडे वळू.

राजा होता बगळा. धवलराव त्याचं नाव. पांढराशुभ्र, उंच मान, आणि पायांना चिखल लागला की दिवसभर मूड खराब. ओहोटीला खाडी रिकामी व्हायची, सगळीकडे चिखल उघडा पडायचा, आणि राजाला मासे धरायला त्या चिखलातून चालावं लागायचं. शिवाय थंडीत परमुलखातून रोहित पक्षी पाहुणे यायचे. गुलाबी, लांब पायांचे. त्यांना हे असं दाखवायचं?

एक दिवस राजाचा प्रधान खंड्या फांदीवर बसून ओरडला की महाराजांनी ठरवलं आहे. खाडीच्या तोंडाशी बांध घालायचा. आतलं पाणी आत, बाहेरचं बाहेर. खाडी कायम भरलेली आणि आरशासारखी स्थिर. योजनेचं नाव आरसा खाडी. त्यानं असंही सांगितलं की आजवरच्या राजांनी खाडीला नुसतं हलू दिलं. हलत्या पाण्यात कुणाचं तोंड दिसलंय?

सगळ्यांना सभेला बोलावलं. एक म्हातारा बोय मासा होता, पाण्यातून तोंड काढून म्हणाला, "महाराज, बांध घाला, पण उघाडी तरी ठेवा. पाणी यायला-जायला एक दार नको का?"

बांधाच्या त्या दाराला उघाडी म्हणतात. प्रश्न साधा होता. महाराजांना तो फार आवडला. त्यांनी बोयला अधिक चर्चेसाठी जवळ बोलावलं, आणि मग आत घेतलं. चर्चा अजून चालू आहे.

"आणखी कुणाची हरकत?" खंड्यानं विचारलं.

हौसा पुढेच बसली होती. तिला हरकत होती. इतकी होती की डोळे बाहेर आले होते. उघाडी नाही तर भरती नाही, भरती नाही तर उधाण नाही, उधाण नाही तर माझी पिल्लं कशी निघतील, हे तिला ओरडून विचारायचं होतं. पण तिच्या तोंडात हवा होती. पिल्लांची हवा. बोलायला तोंड उघडलं असतं तर ती फुकट गेली असती.

ती गाल फुगवून बसून राहिली.

"कुणाचीच हरकत नाही," खंड्या म्हणाला. "हौसाबाईंचे तर आनंदानं गाल फुगलेत."

सभा सुटल्यावर चिंबोऱ्यांची म्हातारी आत्या आडवी आली. आत्या साऱ्या काठाची आत्या. नांगी वर करून तिनं हौसाला झाडलं. तोंडात काय मीठ भरलं होतं काय, म्हणाली. बोय गेला तो गेला, पण तुम्ही तरुण पोरी अशा गप्प बसायला लागलात तर झालंच. हौसा हिलाही उत्तर देऊ शकली नाही. तोंडात अजून तीच हवा होती.

पाणमांजरांनी बांध घातला. भला रुंद, मातीचा, उघाडीशिवाय.

आणि खाडी खरंच आरशासारखी झाली हो. खोटं कशाला बोला? राजा रोज सकाळी उठून काठावर उभा राहायचा आणि मान इकडून तिकडून वळवून बघायचा. मग त्याला काठाचा चिखल खटकायला लागला. आरशाची चौकट अशी चाळणीसारखी? तेव्हा दुसरा हुकूम निघाला. सगळी बिळं बुजवा, चिखल गुळगुळीत करा. चिंबोऱ्यांची बिळं बुजली. हौसाचं बीळ मुळाआड होतं म्हणून वाचलं.

पुढे काय झालं ते हळू सांगते, कारण ते हळूच झालं.

झाडांची पानं पडतच होती. ती न्यायला ओहोटी नव्हती. पानं तळाशी बसली. तांबड्यांना वाटलं मेजवानी आली. तुटून पडले बिचारे. पण जितकं खातील तितकी हवा संपेल, आणि वरून नवी हवा येईना. बिळं बंद, भरती बंद. खाता खाता तांबडे गुदमरले. काही मेले, काही निपचित पडले. मग खालून काळे वर आले. हवा नाही, खायला रगड, आणि अडवायला कुणी नाही. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, आणि पुढचं तुम्हीच करा, पाढे येतात ना? वरवर चिखल गुळगुळीत होता. जरा उकरलं की डांबरासारखा काळा.

वास सुटला. राजाला पहिल्या दिवशी आला. मग नाकाला सवय झाली, आणि खंड्यानं जाहीर केलं की वास गेला.

हौसाला मात्र वासापेक्षा दुसरीच गोष्ट कळली. पूर्वी एक तोंडभर हवा नेली की खोलीत बराच वेळ पुरायची. आता नेली की लगेच संपायची. भोवतीचा काळा चिखलच हवा शोषून घ्यायचा. ती वर-खाली करून थकली. भिवाही थकला. आता तोही पूर्वीसारखं शांतपणे काही म्हणत नव्हता, आणि हौसाला त्याचीच जास्त भीती वाटली. अंड्यांचं तेज उतरत चाललं होतं.

मग एके दिवशी उजाडताना खाडीतले सगळे मासे वर आले. पाण्याच्या वर तोंडं काढून, उघडझाप, उघडझाप. पाण्यात हवाच उरली नव्हती, म्हणून ते वरची हवा गिळत होते. कुणी पळेना, कुणी बुडी मारेना.

धवलरावांचे डोळे भरून आले.

"बघा," ते म्हणाले, "प्रजा दर्शनाला आली."

त्यांनी प्रजेला एकेक करून आशीर्वाद दिला आणि पोट भरल्यावर थांबले. पायांना चिखलाचा ठिपका नाही. अशी सोय कुठल्या राजाच्या काळात झाली होती? खंड्यानंही चोच धुऊन घेतली.

त्या आनंदात खंड्यानं जनगणना केली. राज्यात जीव किती? मासे जरा घटले होते, कालवं थोडी मेली होती, पण ते सगळं बेरजेत कुठल्या कुठे गेलं. एकूण जीव कैक पटींनी वाढले होते. खाडी भरभराटीला आली होती. यात खोटं काही नव्हतं बरं का. काळे जंतूही जीवच आहेत.

मग काळ्यांच्या पुढाऱ्याचा सत्कार ठेवला. तो दिसत नव्हता, तरी शेवाळाची शाल चिखलावर पांघरली. पुढारी भला माणूस होता, म्हणजे भला जंतू. त्यानं सरळ सांगितलं, "यात आमचं काही नाही. हवा गेली म्हणून आम्ही वाढलो. हवा आली तर आम्ही खाली जाऊ. महाराजांनी हवा येऊ देऊ नये, एवढीच विनंती."

महाराजांनी मान डोलावली. अशी नम्र प्रजा त्यांना आवडायची. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण बाकीचे श्वास घेण्यात गुंतले होते.

रोहित पाहुणेही आले. त्यांची खायची पद्धत अशी की डोकं खाली, चोच उलटी. त्यांनी खाडी तशीच उलटी पाहिली. त्यांना पाण्यात आभाळ दिसलं, आणि राज्याची घोडदौड आभाळाकडे आहे असं ते सांगून गेले. दुसऱ्या दिवशी दिसले नाहीत. वाटेत कुठे तरी त्यांना बरं खायला मिळालं असावं.

इकडे अमावास्या जवळ आली. हौसाच्या अंड्यांत काळे ठिपके दिसायला लागले. म्हणजे डोळे. पिल्लं आतून बघत होती. पण कुठल्या पाण्यात सोडायची? ह्या काळ्या, शिळ्या पाण्यात? आणि नाही सोडलं तर आतच गुदमरतील. भिवा म्हणाला, बांध आपल्यानं फुटणार आहे का, हौसे? ती वर निघाली, हवा आणायला.

वर आली तर पुन्हा सभा भरलेली. चिंबोऱ्यांचा विषय होता. बिळं गेल्यामुळे चिंबोऱ्या बेघर होऊन झाडांच्या मुळांवर बसल्या होत्या. आत्याच्या तोंडाशी फेस आला होता. आणि ही सगळी मंडळी नेमकी महाराजांच्या सकाळी फिरण्याच्या वाटेवर. दिसायला बरं दिसत नव्हतं. त्यांना कुठे पाठवायचं, यावर खल चालला होता. चिखलात परत जायचं नाही, तो गुळगुळीत केलाय. पाण्यात हवा नाही, पण हे कुणी म्हणायचं नाही.

"कुणाला काही सुचतंय?" खंड्यानं विचारलं आणि बोयच्या जागेकडे एकदा बघून घेतलं.

हौसाच्या तोंडात नुकतीच भरलेली हवा होती. तिला खालची खोली दिसत होती, आणि समोर बांध दिसत होता. कोरडा, रुंद, भुसभुशीत मातीचा. तिनं एकदा डोळे मिटले आणि तोंड उघडलं. हवा फस्सकन गेली.

"महाराज, चिंबोऱ्यांना बांधावर जागा द्या," ती म्हणाली. "तुमच्या बांधाला राखण होईल, आणि पाहुण्यांना वस्ती दिसेल."

आत्यानं हौसाकडे असं पाहिलं, की गप्प होतीस तेच बरं होतं. अडकलेली जीभ सुटली, आणि सुटली ती राजाची आरती करायला.

महाराज मात्र इतके खूश झाले की विचारू नका. पुनर्वसन. त्यांना शब्दही लगेच सुचला. वसाहतीला धवलनगर नाव द्यायचं ठरलं, आणि अशी समंजस नागरिक या राज्यात आहे म्हणून हौसाचा तिथल्या तिथे सत्कार करायचा ठरला. ती म्हणाली, मला घरी जाऊ द्या, पोरांना हवा न्यायची आहे. खंड्या म्हणाला, एवढं काय ते, दोन मिनिटं. मग त्यानं भाषण केलं. मग महाराजांनी केलं. मग शेवाळ शोधायला कुणीतरी गेलं. ती शाल पांघरून ताटकळत उभी राहिली आणि बिळाच्या तोंडाकडे बघत राहिली.

सुटल्या सुटल्या तिनं आत्याला गाठलं.

"आत्या, बिळं खोल काढा," ती म्हणाली. "पोरंबाळं आहेत तुम्हाला. ह्या बाजूनं आत शिरा आणि त्या बाजूनं उजेड दिसेपर्यंत थांबू नका."

चिंबोरीला हसता येत नाही. आत्यानं नुसती नांगी हलवली.

हौसा तोंडभर हवा घेऊन धावत खाली गेली. भिवा एकटा खेपा घालून घालून लोळागोळा झाला होता. छताच्या एका कोपऱ्यातली अंडी पांढरी पडली होती. ती पुन्हा उजळली नाहीत. हौसानं शेवाळाची शाल अंगावरून काढली आणि बिळाबाहेर फेकून दिली. त्याबद्दल ती पुढे कधी कुणाशी बोलली नाही, म्हणून मीही बोलत नाही.

चिंबोऱ्यांनी बांध इकडून तिकडे पोखरला. उघडपणे, दिवसाढवळ्या, महाराजांच्या देखत. महाराज रोज धवलनगर बघायला यायचे आणि किती मेहनती प्रजा आहे म्हणायचे.

अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. समुद्र बांधाला येऊन टेकला. आधी एका बिळातून पाण्याची चिळकांडी आली. मग दहा बिळांतून. मग माती ढासळली आणि बांधाला खांड पडली. कशी, ते कुणाला नीट सांगता आलं नाही, कारण त्या वेळी सगळे पळत होते. चिंबोऱ्या आधीच झाडांवर चढून बसल्या होत्या. महाराज बांधावर होते. ते उडाले, पण जरा उशिरा. पंख, मान, पाय, सगळं चिखलानं माखलं.

हौसा आणि भिवा बिळात होते. त्यांनी जन्मात पहिल्यांदा उलटं काम केलं. खोलीतली हवा तोंडात भरायची, वर न्यायची आणि बाहेर टाकायची. मोठ्या कष्टानं आणलेली हवा. हौसाला एकेक घोट टाकताना जिवावर येत होतं. मग पाणी आत आलं. थंड, ताजं, समुद्राचा वास असलेलं. छताला हललं काहीतरी, आणि अंडी फुटली. इवली इवली, नुसते डोळे आणि शेपटी. हौसाच्या गालांना घासून ती बाहेर निघून गेली. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. पोरं अशीच असतात.

मागे चिखलात काळे खाली सरकायला लागले. पुढारी कुरकुरत होता, की आम्हाला शब्द दिला होता. तांबडे हळूहळू जागे झाले आणि आधी पानांकडे वळले. काम फार साचलं होतं.

संध्याकाळी सभा. महाराज धुऊन आले होते. खंड्यानं सांगितलं की प्रजेच्या हितासाठी महाराजांनी बांध स्वतः खुला केला. योजनेचं नाव मोकळी खाडी. आजवरच्या राजांनी खाडीला कोंडून ठेवलं होतं म्हणे. बांध कुणी घातला होता, हे कुणी विचारलं नाही. विचारणारा अजून आत चर्चेत होता.

"आणि आता," खंड्या म्हणाला, "प्रजेच्या वतीनं हौसाबाई आभाराचे दोन शब्द बोलतील. आता त्यांच्या तोंडात काही नाही."

खरंच नव्हतं. बीळ रिकामं होतं. पिल्लं समुद्राला लागली होती. सगळे तिच्याकडे बघत होते. आत्या बघत होती, भिवा बघत होता, धवलराव मान लांब करून बघत होते.

हौसा पुढे आली. तिनं मोठा श्वास घेतला, तोंडभर हवा भरली, गाल फुगवले, आणि तोंड घट्ट मिटून घरी निघून गेली.

तात्पर्य म्हणाल तर हे, बाळांनो: खरं बोलावं असं शाळेत शिकवतात, ते पाठ करा, परीक्षेत येतं. पण राजापुढे खरं बोलू नका. त्याला आवडेल तेवढंच सांगा आणि खेकड्यांशी ओळख ठेवा. आणि कुठल्याही राज्याची भरभराट झाली असं कुणी सांगितलं, तर टाळ्या वाजवायच्या आधी चिखल थोडा उकरून वास घ्या. वास आला तर आरडाओरडा करू नका. तोंडात हवा भरा, आणि पोरं घरी आहेत का ते आधी बघा.